चिठ्ठी वाचून दाखवणारे दुकान

रहमतभाऊंची आणि माझी पहिली भेट एका कंदिलावरून झाली, आणि त्या भेटीत मला त्यांचे काहीच कळले नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदा म्हणत. बाजाराच्या तोंडाशी ‘एकभाव भांडार’ नावाचे नवे दुकान निघाले होते. कापड, अल्युमिनियमची भांडी, कंदील, छत्र्या, चपला, पाट्या-पेन्सिली सगळे एका छपराखाली, आणि बाजारापेक्षा स्वस्त. प्रत्येक वस्तूला टाचणीने किंवा सुतळीने एक चिठ्ठी लावलेली. मी एक कंदील उचलला आणि सवयीने निम्मा भाव सांगितला. समोरच्या गृहस्थांनी तो माझ्या हातून घेतला, उलटा केला आणि म्हणाले, “बाई, भाव कमी नाई होत. पण याच्या बुडाले पोचा आहे, तो पाहून घ्या. काच बी थोडी वाकडी बसते.”

आपल्याच मालाची खोड काढणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. हे गृहस्थ भोळे आहेत की माझी थट्टा करताहेत, ते ठरवता येईना. कंदील न घेताच घरी आले. दोन दिवसांनी जाऊन तोच कंदील घेतला. का घेतला, तेही तेव्हा मला सांगता आले नसते.

रहमतभाऊंचे वडील शिंपी. भाऊ तरुणपणी सायकलवर गाठोडे बांधून आठवडी बाजार करीत. गिरण्यांतून किरकोळ दोष असलेला माल बाजूला निघतो आणि तो वाईट नसतो, हे त्यांनी त्या फिरतीत हेरले. तोच माल आणायचा, थोड्या नफ्यावर विकायचा, आणि दोष चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठीवर भावही एकच, पाटलाला आणि मजुराला सारखा. आमच्या भागात वाचता येणारी माणसे थोडी, म्हणून त्यांनी आणखी एक नियम केला : चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही.

या वाचण्यापायीच मी त्यांच्याकडे आले. पती वारले होते, मी चांद्याला भावाकडे राहत होते, सातवी पास होते आणि शाळेत जागा मिळत नव्हती. एकदा छत्री घेताना मी चिठ्ठी स्वतःच वाचली. भाऊंनी विचारले, “गोंडपिपरीले दुकान काढून राह्यलो. सांभाळाल का?” बाईमाणसाने दुकानात उभे राहायचे, तेही परगावी! माझ्या भावाने साफ नकार दिला. त्यावर रहमतभाऊ वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सकीनाभाभी आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “मी राहीन ना हिच्यासंगं.” आणि खरोखर, स्वतःचे घर सासूबाईंवर सोपवून, त्या तीन महिने गोंडपिपरीला माझ्या खोलीत राहिल्या. माझी चूल वेगळी, त्यांची वेगळी, पण पाण्याला आम्ही बरोबर जात असू. गावाने बोलायचे ते बोलून घेतले आणि मग थकून सोडून दिले.

दुकान मात्र चालेना. माणसे येत, उंबऱ्यात थबकत, सगळे निरखून परत जात. एक म्हातारे शेतकरी रोज येऊन एकाच घोंगडीचा भाव विचारीत. मी रोज तोच सांगे. शेवटी ते रागावले. “काऊन वं बाई, मी काय परका माणूस आहो? एक पैसा बी नाई सोडत! बोलल्याबिगर कोणी वस्तू घेते का?” मला वाटे, स्वस्त आहे, खरे आहे, मग माणसांना दुखते तरी काय? मी भाऊंना विचारले. वाटले, ते अनुभवाचे काही सांगतील. ते दाराबाहेर पाहत म्हणाले, “मले बी समजून नाई राह्यलं.” मालकाला कळत नाही आणि तो ते कबूल करतो, याने मी आणखीच गोंधळले. मग आम्ही दारात एक बाकडे टाकले. माणसे पिकापाण्याचे, सोयरिकीचे बोलत बसू लागली. हळूहळू माल खपू लागला. बाकड्यामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या चुकीचे आहे. त्या उन्हाळ्यात हिरव्या लुगड्यांचे दोन गठ्ठे आले, रंग एक, काठ एक. एका गठ्ठ्यातली लुगडी पुरी नऊ वार, पण विणीत दोष. दुसऱ्यातली वीण सुरेख, पण लांबी आठच वार. चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि मीच लावल्या. बरोबर उलट लावल्या.

नदीकाठच्या एका गावाहून पार्बताबाई नावाच्या बाई लेकीच्या लग्नाचे लुगडे घ्यायला आल्या. मी चिठ्ठी वाचली : नऊ वार, विणीत थोडा दोष. त्यांनी पदर उन्हात धरून पाहिला, दोष काही सापडेना, तेव्हा खूश होऊन गेल्या. लग्नानंतर चार दिवसांनी त्या परत आल्या, चालत, एकट्या. लुगडे माझ्यासमोर टाकले.

“तूच वाचून दाखवलं होतं ना, बाई?”

“हो.”

“पोरीले नेसवाले बसलो त कासोटा पुरे ना. वऱ्हाडाच्या बाया हासल्या. मावशीचं जुनं लुगडं नेसून उभी राह्यली माही पोर. मले वाचता येत नाई म्हणून असं केलं का तू?”

मी लुगडे मोजले. मग उरलेली सगळी मोजली. तोवर पार्बताबाई निघून गेल्या होत्या. पैसे किंवा दुसरे लुगडे मागायला त्या आल्याच नव्हत्या. तशी अकरा लुगडी विकली गेली होती, आणि कुणाकुणाला, ते मला फक्त चेहऱ्यांनी आठवत होते.

मी चांद्याला निरोप धाडला आणि नोकरी सोडत असल्याचे पत्र लिहून ठेवले. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने आले. पत्र वाचले, घडी करून खिशात घातले आणि दुकानाला कुलूप लावायला सांगितले. “बैलगाडी पाहा. गावोगाव जाऊ.” मी म्हटले, “भाऊ, अशाने सगळ्यांना कळेल. दुकान बुडेल.” ते म्हणाले, “बुडन बी. पण ज्यायच्या घरात ते लुगडं आहे, त्यायले त कळलंच आहे ना?”

आठ दिवस आम्ही फिरलो. गाडीत ते, सकीनाभाभी, मी आणि नव्या लुगड्यांची गाठोडी. कोतवालाकडून दवंडी पिटवायची, माणसे जमली की भाऊ हात जोडून सांगत, “माह्या दुकानात चूक झाली.” तिसऱ्या गावात एका पाटलांनी विचारले, “चूक केली कोणं?” भाऊ म्हणाले, “मी.”

मला हायसे वाटायला हवे होते. वाटला तो राग. त्या गावातून निघाल्यावर वाटेत मी बोलले, “भाऊ, चूक माझी. तुम्ही खोटे का सांगितले? चिठ्ठीवर खरे लिहायचे आणि तोंडाने खोटे बोलायचे?” भाऊंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “दोन सारखे गठ्ठे संगं ठेवाले मी सांगतलं होतं. पण तुमचं बी बरोबर आहे, बाई. मले वाटलं, तुमाले इथी राहाचं आहे.” त्यांनी केले ते माझ्या भल्याचे की माझा अपमान, हे मला त्या दिवशी कळले नाही. आजही पुरते कळलेले नाही. पुढच्या गावात मी स्वतः पुढे झाले आणि सांगितले, की चिठ्ठ्या मी उलट लावल्या. भाऊ बाजूला, मान खाली घालून उभे होते.

पार्बताबाईंचे धरून अकरांपैकी नऊ लुगडी सापडली. त्यातल्या एका बाईने बदलून घ्यायला नकार दिला, “राहू दे, धानाच्या रोवणीत चिखलात आखूडच बरं पडते.” दोन कधीच सापडली नाहीत. पार्बताबाईंच्या दारात आम्ही तिघे गेलो. त्या म्हणाल्या, “लुगडं देसान. लगन परत लागते का?” भाऊ नवे लुगडे तसेच घेऊन परतले. माझे पत्र त्यांनी पुन्हा कधी काढले नाही.

दुकान बुडाले नाही. मला वाटले होते, आता इथे कुणी पाऊल टाकणार नाही, आणि त्या पावसाळ्यात बाकड्यावर बसायला जागा मिळेना. आपली चूक दवंडी पिटून सांगणाऱ्या दुकानावर माणसांनी विश्वास का टाकावा? मी पुष्कळ विचार केला. मूल गावी शाखा निघाली, मग गडचिरोली, मग आलापल्ली. तिथे गोंडी बोलणारी मुलगी चिठ्ठ्या वाचायला ठेवली होती. पाच दुकाने झाल्यावर नागपूरचे एक मोठे व्यापारी भागीदारीला आले. भाऊ नाही म्हणाले. का, म्हणून मी विचारले तेव्हा एकदा म्हणाले, मला पाचच दुकानांतल्या माणसांची नावे ध्यानात राहतात. दुसऱ्या वेळी म्हणाले, सकीनाने नको म्हटले. त्यातले खरे कोणते, ते त्यांनाच ठाऊक. वय झाल्यावर त्यांनी एकेक दुकान तिथेच राबणाऱ्या माणसांच्या हवाली केले. गोंडपिपरीचे माझ्याकडे आले.

एक प्रसंग आणखी सांगते. लुगड्याच्या गोष्टीनंतर सात-आठ महिन्यांनी, थंडीत, पार्बताबाई दुकानात आल्या. भाऊ त्या दिवशी योगायोगाने तिथे होते. बाईंनी आमच्या दोघांकडे न पाहता एक चादर उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“वाच.”

मी वाचले. रंग एका कोपऱ्यात फिका.

“अजून एकडाव वाच.”

मी पुन्हा वाचले. त्यांनी कोपरा पाहिला, चादर काखेत मारली आणि गेल्या. आम्हांला माफ केले की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. भाऊ मागच्या खोलीत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

रहमतभाऊ पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात, तरी शुक्रवारच्या नमाजाला ते चालत जातात आणि वाटेत जुन्या माणसांकडे डोकावतात. त्यांना आणि सकीनाभाभींना उदंड आयुष्य लाभो, हात-पाय चालते राहोत, झोप शांत लागो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. माझा सख्खा भाऊ गेला, सासर-माहेरची वडीलधारी माणसे गेली. आता मला सगळे ‘बाई’ म्हणतात. मी ज्यांना ‘भाऊ’ म्हणून हाक मारावी, असे एकच माणूस उरले आहे.