आडव्या उसाची साक्ष

अर्जदार: न्हावऱ्याचे बागायतदार आप्पा. गैरअर्जदार: त्यांच्या बांधाशेजारचा तरुण ट्रॅक्टरवाला. तक्रार: काल रात्री ट्रॅक्टर घालून ऊस आडवा केला. पुरावा: बांधावरील चाकांच्या खुणा. साक्षीदार: कोणी नाही.

शिरूरच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारा मी, आप्पांचा हा अर्ज लिहीत असता शेजारून आवाज आला, "आधी खालची बाजू बघा."

मॅडमचे हे नेहमीचे वाक्य. त्या आमच्या तालुक्यातील कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. आपणांपैकी अनेकांनी त्यांना परक्याच्या शेतात बिनदिक्कत शिरताना पाहिले असेलच. त्या दिवशी त्या स्वतःच्या अर्जासाठी माझ्या बाकावर बसल्या होत्या.

तो तरुण कारेगावच्या कारखान्यात कायम होणार होता. गुन्हा नोंदला जाता, तर पोलिसांचा दाखला अडून त्याची नोकरी जाती.

आप्पा, मॅडम आणि मी असे तिघे शेतात गेलो. चाकांच्या खुणा बांधावर होत्या, पण ती वाट त्या तरुणाची रोजचीच. ऊस लोळत होता. मात्र शेंडे कोपरासारखे वळून आभाळाकडे उभे.

"ऊस आडवा पडला की ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून शेंडा वर वळतो. पण एवढं वळायला दिवस लागतात, आप्पा. हा मागल्या वाऱ्यात पडलाय."

"बाई, पीक उन्हाकडं वळतंय, एवढं मला बी कळतं!"

"वळतं की. उजेड एकाच बाजूनं आला तर सावलीची बाजू जास्त वाढते, अन् शेंडा उजेडाकडं झुकतो. पण हा बघा." त्यांनी पाचटाचा ढीग उपसला. आतला पांढुरका फुटवाही सरळ वर निघाला होता. "अंधारात याला कुठलं ऊन? वर-खाली एवढंच याला कळतं."

आणि त्यांनी एक उभा ऊस वाकवून जमिनीशी दाबला.

"आवो, माझा ऊस कशापायी पाडता?"

"एकच, आप्पा. उद्या येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी पाहिले, तर एका रात्रीत त्या वाकवलेल्या उसाने किंचित मान उचलली असेल, तर तेवढीच. आप्पांनी उकिडवे बसून तो शेजारच्या वळलेल्या शेंड्यांशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "फाडा तो कागद." इतक्या वर्षांत मी आनंदाने फाडलेला अर्ज तो एकच.

पुढे संस्थेने मॅडमची बदली दौंडला केली. तरुण कायम झाला, पेढे घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. त्यांचा फोन नंबर मी कधी विचारलाच नव्हता.

तरी दौंडकरांस नम्र विनंती, की मॅडम भेटल्यास तो तरुण कायम झाल्याचे त्यांना कळवावे, आणि ऐकून त्या काय म्हणाल्या, ते मला कृपया लिहावे.