मोठ्याबाईंचं इंजिन

मोठ्याबाई चुलीपाशी बसल्या की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. नियम त्यांचाच. एरवी बाई मोठी बोलकी, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून थांबवणारी. पण चुलीवर त्यांचं इंजिन चढलं की डोळे काट्यावर, आणि दारात पाहुणा आला तरी नुसता हात दाखवायच्या, बसा म्हणून.

मोठ्याबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. इंजिन म्हणजे हंड्याएवढा, जाड भिंतीचा, झाकणाला स्क्रू आणि वर दाब दाखवणारा काटा असलेला प्रेशर कुकर. त्या पूर्वी मँगनीजच्या खाणीवर एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकाला मदत करायच्या. साहेबाची मडम विलायतेला जाताना ते भांडं, काचेच्या बरण्या आणि रबरी कड्यांचं खोकं त्यांना देऊन गेली. मटण बरणीत भरायचं, बरण्या भांड्यात ठेवून वाफेच्या दाबावर शिजवायच्या, मग ते महिनोन्‌महिने टिकतं, ही विद्याही तिचीच. कटंगीकडच्या आमच्या खेड्यात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. पोरं कुडावरून डोकावायची आणि शिट्टी कधी होते याची वाट पाहून कंटाळून जायची.

मोठ्यांचा संशय वेगळा होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या मोहल्ल्यानं ठरवलं होतं की, अंगणात दोरीवर मांसाच्या चान्या वाळताना दिसता कामा नयेत. मेलेल्या ढोराचं मांस वाळवून खायचे ते दिवस संपले. अशात ही बाई बरण्यांत मटण भरते म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं दारात येऊन विचारलं, “काहून वो, आता बाटलीत चान्या करून राह्यली का?”

मोठ्याबाई उठल्या, त्यांनी बरणी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मेलेलं ढोर सोडलं, बुढा. जेवण नाही सोडलं. हा बाजारातला बोकड हाय, माह्या मालकाच्या कमाईचा.” म्हातारा बरणी उन्हात धरून बघत राहिला. पुढच्या पावसाळ्यात, नाल्याला पूर येऊन बाजाराची वाट बंद झाली, तेव्हा वाटी घेऊन पहिला तोच आला.

त्यांची पद्धत कडक होती. आधी सगळी हवा वाफेबरोबर निघून जाऊ द्यायची, मगच झाकणावरचं वाफेचं तोंड बंद करायचं. “कोंडलेल्या हवेचा भरोसा नाही,” म्हणायच्या. काटा खुणेवर आला की लाकडं पुढे-मागे सरकवून जाळ सारखा ठेवायचा. काटा जरा खाली घसरला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. सगळं होत आलं असताना एकदा मी ओलं लाकूड घातलं आणि काटा पडला. मी म्हटलं, थोडक्यानं काय होतं? त्या रागावल्या नाहीत. “थोडक्यानंच मरते माणूस, धाकटे,” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवातीपासून बसल्या.

बरणी थंड झाली की तारेचा चाप सोडून बघायचा. झाकण घट्ट बसलेलं असलं तर बरणी पक्की. एकदा फळीवरच्या एका बरणीचं झाकण बोट लावताच सुटलं. माझ्या नवऱ्यानं वास घेतला आणि म्हणाला, “चांगलं त हाय!” मोठ्याबाईंनी ती बरणी त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. “सडलं ते नाकाले समजते. यातलं इख नाकाले समजत नाही.” परसात खड्डा खणून त्यांनी ते मटण पुरलं, कुत्र्यालाही लागू दिलं नाही.

भासरे, म्हणजे त्यांचे मालक, फौजेत होते. सुखदेव नाव. सुट्टी संपवून निघताना ट्रंकेत कपडे कमी आणि कपड्यांत गुंडाळलेल्या बरण्या जास्त. ती ट्रंक तुमसरच्या गाडीवर चढवताना कंडक्टर दरवेळी कुरकुरायचा. सासूबाई मागून ओरडायच्या, “आदळू नोको रे, माह्या पोराचं जेवण हाय त्यात!”

चीनच्या लढाईनंतर एक सरकारी माणूस घरी आला. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यानं उभ्या-उभ्याच हातातल्या कागदावरून वाचलं, “सिपाही सुखदेव लापता है.”

सासूबाईंची हिंदी बाजारातली, भाजी-मिठापुरती. त्यांच्या कानात शेवटचं तेवढंच शिरलं. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. “पता है म्हणे! आयकलं का वो, सरकारले माह्या पोराचा पता हाय!” भासरे बेपत्ता आहेत, हे मला आणि माझ्या नवऱ्याला कळलं. तो माणूस गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मोठ्याबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हौ आई. पता हाय.”

मला वाटलं, यांनाही समजलं नाही. लापता हा कचेरीतला शब्द. बंगल्यातल्या चुलीपाशी तो कोण बोलणार? खरं सांगायचं कोणी, यावर मी आणि माझा नवरा शेतात जाऊन बोलायचो आणि तसेच परत यायचो. दोघींना एकदम सांगायचं बळ आमच्यात नव्हतं. सरकारकडूनही पुढे काही कळलं नाही.

मग दर हिवाळ्यात सासूबाई कटंगीच्या बाजारातून बोकड आणवायच्या. पोरगा कधीही येईल, बरण्या तयार पाहिजेत. मोठ्याबाई इंजिन चढवायच्या आणि काट्याकडे बघत बसायच्या, तशाच, तेवढ्याच काटेकोरपणे. पावसाळ्यात जुन्या बरण्या आम्ही खायचो, हिवाळ्यात फळी पुन्हा भरायची. सासूबाई बरण्यांवर हात फिरवून समाधानानं झोपायच्या. मला ते बघवत नसे.

अशी बरीच वर्षं गेली आणि सासूबाई वारल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पुण्य अर्पायला, सगळा मोहल्ला जमला. बौद्धाचार्यांनी त्यांचं नाव घेतलं, तेवढ्यात बायकांमधून मोठ्याबाई उठल्या.

“अजून एक नाव घ्या, गुरुजी. सुखदेव.”

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. बौद्धाचार्यांनी हळूच विचारलं, “हे कधी गेले, बाई?”

“लापता म्हंजे काय ते मले त्याच रोजी समजलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण बुढी जगत होती ना त्या पत्त्यावर. ते होती तवर त्याले मारता नाही आलं मले.”

आम्ही त्यांना जपतो आहोत असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या मात्र आम्हा सगळ्यांच्या मधोमध एकट्याच दुःख गिळून बसल्या होत्या. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

बौद्धाचार्यांनी नाव घेतलं, सुखदेव. नाव पुरतं ऐकलं आणि मग मोठ्याबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या तोंडून जो हंबरडा फुटला तो ऐकून कुडापलीकडची माणसंही उभी राहिली. बायका त्यांना आवरायला धावल्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, रडू द्या, त्यांचा नवरा आज गेला आहे.