साबणाची खीर

मी बुलढाण्याच्या कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा गवंडीकाम करतात. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली जातो, तेव्हा कोणीतरी विचारतंच, "पोरगा काय शिकते?" बाबा म्हणतात, "कॉलेज करते." कोणी आणखी खोलात गेलं, की ते थापी उचलून कामाला लागतात.

एकदा मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला होता. अन्न टिकतं कसं, चव कशामुळे येते, वास कशामुळे जातो, असं बरंच काही बोललो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सैपाक." ते रागावले नव्हते, हसलेही नव्हते. तेव्हापासून मला वाटायचं, लोकांना सांगता येईल असं एखादं वाक्य बाबांजवळ असावं. ते कुठून आणायचं, हे मात्र कळत नव्हतं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या मॅडम काश्मीरला जाऊन आल्या. त्यांनी आम्हाला प्रत्येकाला कागदाच्या पुडीत थोडा लव्हेंडर दिला. जिऱ्यापेक्षा जराशा मोठ्या, राखाडी-जांभळ्या, वाळलेल्या कळ्या होत्या. "खाण्यासाठीच वाळवलेला आहे," त्या म्हणाल्या. "घरी गोडात आणि तिखटात वापरून बघा."

मी पुडी घेऊन मोताळ्याला आलो. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवशी आमच्या विहारात सगळ्यांना खीर वाटतात, आणि दरवर्षी ती करायची पाळी एकेका घराकडे जाते. यंदा आमची होती. मी आईला म्हटलं, "खीर मी करू का?" आई म्हणाली, "कर. पण अगुदर घरी करून दाखव."

घरी केली. आपण वेलदोडा वापरतो, तसाच मी लव्हेंडर वापरला. साखरेबरोबर चांगला चमचाभर कुटला आणि तांदळासोबतच दुधात घातला, म्हणजे आटेपर्यंत मुरेल. दूध आटत आलं तेव्हा शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अवो, भर दुपारी कोण आंघोळ करून राह्यलं?"

त्या आत आल्या आणि चमचाभर खाऊन माझ्याकडे बघत राहिल्या. "बाबू, हे तं साबणाची खीर झाली! विहारात हे वाटशीन तं लोकं वंदना झाल्याबरोबर पयतीन."

आईने एक घास खाल्ला आणि वाटी बाजूला ठेवली. खीर खरंच कडू झाली होती. संध्याकाळी बाबा कामावरून आले. मी नको म्हणत असताना त्यांनी वाटी ओढून घेतली आणि पूर्ण संपवली. मग तांब्याभर पाणी प्यायले.

"कशी झाली?" मी विचारलं.

तोंड पुसत ते म्हणाले, "गरम होती."

दोन-तीन दिवस मी त्या पुडीला हात लावला नाही. मग एका सकाळी आईनेच ती उघडली, चार कळ्या तळहातावर चोळून वास घेतला. "ओव्यावानी हाये थोडा," असं म्हणून तिने पुऱ्यांच्या कणकेत ओव्याऐवजी चिमूटभर लव्हेंडर आणि मीठ घातलं. पुऱ्या तळताना काहीच वास आला नाही. खाताना मात्र, लिंबाच्या लोणच्याबरोबर, घास गिळल्यावर जिभेवर काहीतरी गार उरायचं. आम्ही सगळ्यांनी त्या पुऱ्या संपवल्या.

तिखटाचं पहिल्याच फटक्यात जमलं आणि गोडाचं का बिघडलं, याचा मी दिवसभर विचार करत होतो. पुरीत लव्हेंडर अगदी थोडा होता आणि कढईत क्षणभरच राहिला होता. खिरीत मी त्याला तासभर उकळलं होतं. सुवास आधी उतरतो, कडूपणा मागून उतरतो. वर्गात हे कधीतरी ऐकलं असेल, पण कळलं ते तेव्हा.

मग मी जरासं दूध वेगळं तापवलं, गॅस बंद केला आणि चिमूटभर कळ्या पातळ कापडात बांधून त्यात सोडल्या. दुसरीकडे मी खीर ढवळत होतो, म्हणून पुरचुंडीचा दोरा बाबांच्या हातात दिला.

"काढू?" ते विचारायचे.

"थांबा बाबा."

"आता?"

"अजून थोडं." मी दूध चाखत होतो. "हं, काढा!"

त्यांनी झटक्यात पुरचुंडी वर ओढली आणि दोरा धरून तशीच ठिबकू दिली. ते दूध मी खिरीत ओतलं. त्या दिवशीची खीर काकूंनी वाटी चाटून खाल्ली. "चांगली हाये," त्या म्हणाल्या, "पण विहारात मी तुयावर नजर ठेवीन."

पौर्णिमेला खरंच त्या चुलीजवळ खुर्ची टाकून बसल्या. विहारामागे मोठ्या गंजात खीर शिजत होती. एवढ्या खिरीला किती लव्हेंडर लागेल, याचा मला अंदाज नव्हता. सगळी खीर बिघडवण्यापेक्षा मी लहान पातेल्यातच दूध मुरवलं. बाबांनी दोरा धरला. मग ते दूध गंजात पळीपळीने घालत आणि चाखत गेलो. वास आला की नाही, अशी शंका यायला लागली तिथेच थांबलो. उरलेलं दूध तसंच ठेवलं.

वंदना झाली. बाबा बादली घेऊन वाढायला लागले, मी मागे वाट्या घेऊन. बाबांच्याच कामावरच्या एका मिस्त्रीने खीर तोंडात घातली आणि थांबला.

"कायचा वास हाये हा? बेस लागते. कोनं केली?"

"पोरानं."

"काय शिकते बे तुहा पोरगा?"

मी खाली बघितलं. बाबांच्या हातात थापी नव्हती.

"दुधात फूल किती वेळ ठेवा लागते, ते शिकते," बाबा म्हणाले.

मिस्त्री हसला. "आन् त्याच्यासाठी कॉलेज लागते?"

बाबांनी त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

"लागते," ते म्हणाले. "म्या पयली खीर खाल्ली हाये."