हेराच्या घरचा विळा

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. साताऱ्याहून कऱ्हाडला जाणाऱ्या एसटीत मी मासिक वाचत होतो. जपानच्या जुन्या हेरांवर, म्हणजे निंजांवर लेख होता. फेकायच्या चांदण्या, भिंत चढायची नखं, चित्रं सगळी झकास. शेवटी मात्र लिहिलं होतं, पक्का पुरावा फारसा नाही. माझा विरसच झाला. "पुरावाच नाही म्हणे," मी पुटपुटलो.

शेजारचा पन्नाशीचा माणूस माझ्या खांद्यावरून चित्रं बघत होता. पिळदार मिशा, फौजी बूट, आणि बोलण्याआधी समोरच्या बाकावर एक थाप.

"मी हुतो की जपानात. लढाई संपल्यावर आमची पलटण तिकडं नेली हुती. एका खेड्यात म्हातारा शेतकरी हुता. त्याचं पूर्वज असलंच हेर, असं समदी म्हणायची. दुभाष्याला घिऊन गेलो, म्हनलं, हत्यारं दाव. त्यानं भिंतीवरचा इळा काढला. भात कापायचा इळा!"

"मग?"

"लय हिरमुसलो गड्या. इळाच बघायचा तर आमचं उंब्रज काय वाईट हुतं? त्यो हासला आन् इळा नुसता हातात फिरवला. मी झटक्यात मागं!"

उंब्रज आलं. त्यानं बाकाखालून गोणपाटाची गुंडाळी ओढली. नुकती धार लावलेला विळा त्यातून डोकावला आणि मी चटकन पाय वर घेतले.

त्याचा चेहरा उजळला. बाकावर थाप मारून म्हणाला, "ह्योच की पुरावा! छापा म्हणावं तुज्या मासिकात."

तो उतरून गेला. मासिक मिटून मी कऱ्हाडपर्यंत खुशीत बसलो. पाय खाली घ्यायचे मात्र राहूनच गेले.