कोठडीतला मुका म्हातारा

पेन्शनीत निघाल्याला पुष्कळ वर्षं झाली. कितीतरी गुन्हे विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. पण नंदुरबारच्या कोठडीतला तो मुका म्हातारा काही केल्या विसरत नाही. नाव कोणाचंच सांगणार नाही. त्यांची नातवंडं आज त्याच मुलखात नांदतायत.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं आणि मी तिथे फौजदार होतो. रेल्वे आल्यापासून गावाचं शहर होऊ लागलं होतं. कापसातून सरकी काढायचे जिन उभे राहिले, सुरतेकडचे व्यापारी आले, मुंबईचे मॅनेजर आले, घाटावरचे कारकून आले. बाजारात अहिराणी, पेढीवर गुजराती आणि कचेरीत शुद्ध मराठी. खरा नंदुरबारचा कोण, यावरून चहाच्या दुकानात रोज जुंपायची. मी स्वतः तापीकाठचा. घरी अहिराणी बोलायचो आणि ठाण्यात डोक्यावर टोपी चढली की शुद्ध. त्यात मला काही वावगं वाटत नसे.

हिवाळ्याचे दिवस, जिनचा हंगाम ऐन भरात. एका दुपारी जिनचा पहारेकरी धापा टाकत वर्दी घेऊन आला. "साहेब, कापसाच्या गंजीमागं माणूस धरलाय. कमरेला चकमक हाये!" त्याच हंगामात शेजारच्या तालुक्यात एक जिन जळाला होता, म्हणून मी हवालदाराला घेऊन तडक निघालो.

गंजीमागे एक म्हातारा उकिडवा बसला होता. धोतर, पागोटं, कमरेला विडीसाठीची चकमक आणि मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. नाव विचारलं, गाव विचारलं. त्याने तोंडावर हात ठेवून मान हलवली. मुका. मॅनेजर थयथयाट करत होते. "हा आग लावायलाच आला होता, याला सोडलंत तर वरपर्यंत जाईन!"

पंच म्हणून मॅनेजरांनी वजनाच्या काट्यावरच्या कारकुनाला पुढे केलं. तरणाताठा, कोट घातलेला, बोलणं अस्सल पुणेरी. तो काट्यावर होता त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. स्थानिक माणूस नातलगांच्या गाड्या जास्त वजनाने तोलतो, असा मॅनेजरांचा पक्का ग्रह. काट्यावर इथला माणूस नको म्हणजे नको!

"ओळखता याला?" मी कारकुनाला विचारलं.

"छे. कोणी गावठी दिसतो," तो म्हणाला आणि पंचनाम्यावर सही करून मागे सरला.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. धरलेल्या माणसाची मान खाली जायचीच, तेव्हा मी त्यात काही पाहिलं नाही.

ठाण्यात आणून मुद्देमाल उघडला. गाठोड्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, द्रोणात वांग्याचं भरीत, आणि तळाशी घडी घालून ठेवलेली तान्ह्या पोराची कुंची. हिरव्या लुगड्याच्या काठाची, हाताने शिवलेली. मी ती उलटीपालटी करून पाहिली. आग लावायला निघालेला माणूस बाळाची कुंची कशाला आणील?

मुकेपणाचंही काही जमेना. जन्माचा मुका बहुधा बहिराही असतो. हा तर हवालदाराच्या किल्ल्या वाजल्या की वळून बघायचा. म्हणजे बोलता येत होतं, बोलायचं नव्हतं. दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं. ढिम्म! दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. आगलावीचा प्रयत्न, वर तोंडातून अक्षर नाही. असा माणूस सरळ तुरुंगात जातो आणि त्याच्या वयाचा माणूस तिथून परत येईलच असं नाही.

हाणामारी करून बोलतं करणारे अधिकारी होते. मला त्याचा तिटकारा. शिवाय आपल्या मुलखाच्या माणसाची नस मला ठाऊक होती.

माझा हवालदार साताऱ्याकडचा, मोठा बोलघेवडा. खानदेशाला नावं ठेवल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. त्याला म्हटलं, "आज तुमचा डबा कोठडीच्या दारात बसून खा. आणि रोज बोलता तेच बोला."

गड्याला तेवढंच पाहिजे होतं. गजाशी फतकल मारून त्याने सुरू केलं. "काय म्हाताऱ्या, भरीत आणलंवतंस व्हय? आरं, तुमच्या खानदेशात खायाचं काय, तर करपल्यालं वांगं! आमच्याकडं असलं जनावरंबी हुंगत न्हाईत."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला. कान मात्र लाल झाले होते.

"आन् बायास्नी तरी कुठं रांधता येतंय म्हना!"

"ओ हवालदार!" म्हातारा ताडकन उठला. "आमना वांगास्ले नावं ठेवू नका! मन्ही बायकोना हातनं भरीत एक डाव खाई पाहा, मंग बोला!"

आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून मटकन खाली बसला.

मी हवालदाराला उठवलं, टोपी काढली आणि म्हाताऱ्यासमोर फरशीवर बसलो. "बाबा, मी बी तापीकाठनाच शे. कोणाकडे उनात?" कोणाकडे आलात, एवढंच विचारलं.

तो रडायला लागला. "साहेब, माले जेलमा टाका. पण ते नाव मन्हा तोंडमाईन निंघाव नही."

तेवढ्यावर माझं काम झालं. गेल्याच आठवड्यात ठाण्यात पेढे आले होते. मुलगा झाला म्हणून. जिनच्या काट्यावरच्या कारकुनाकडून.

एक सही राहिली आहे असं सांगून मी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर कुंची ठेवली होती. त्याने ती पाहिली आणि खुर्चीची पाठ धरली. तो काठ त्याच्या आईच्या लुगड्याचा होता, हे मला नंतर कळलं.

मी जबाबाचा कागद पुढे सरकवला. "या माणसाला आपण ओळखत नाही, असं लिहून द्या. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे लागेल. बाकी, ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्याने लेखणी शाईत बुडवली, पण हात कागदाला टेकेना. तेवढ्यात कोठडीतून आवाज आला. एकेक शब्द चाचपत म्हातारा शुद्ध मराठी बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावा.

"साहेब... मी या साहेबांना ओळखत नाही. ते पुण्याचे आहेत. मी त्यांचा... कोणी नाही आहे."

हवालदार खिडकीतून बाहेर बघायला लागला.

कारकुनाने लेखणी टाकली. "आबा, गप ऱ्हाय!" तो ओरडला. मग माझ्याकडे वळला. कोट, टोपी सगळं तेच होतं, पण बोलला आमच्या बोलीत. "साहेब, हाऊ मन्हा बाप शे."

"येडा शे का तू?" आतून म्हातारा कडाडला. "नोकरी जाई तुन्ही!"

"जाऊ दे."

सगळा उलगडा झाला. पोरगा पुण्याच्या वसतिगृहात शिकला, तिथलं बोलणं उचललं आणि त्या बोलण्यावर पुणेकर म्हणून नोकरी मिळवली. बापाला निरोप दिला होता: नातू बघायला ये, पण जिनमध्ये कोणापुढे बोलू नको, बोललास की आपला मुलूख कळेल. बाप गंजीमागे दुपारच्या सुट्टीची वाट बघत बसला, आणि धरला गेल्यावरही त्याने दिलेला शब्द पाळला.

मी तसा अहवाल लिहिला, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी म्हाताऱ्याला सोडून दिलं. मॅनेजरांनी पोराला त्याच आठवड्यात काढलं. मी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. पुढे तो शहाद्याच्या बाजूला शाळामास्तर झाला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. माणूस गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय, असं आम्ही पोलीस धरून चालतो. पण कधीकधी तो कोणाला तरी जपत असतो, आणि हे ओळखायला टोपी काढून खाली बसावं लागतं. त्यानंतर माझ्या ठाण्यात खेड्यातल्या माणसाचा जबाब मी आधी त्याच्याच बोलीत ऐकला. वरिष्ठांनी हटकलं, तरी मी ते सोडलं नाही.

बारसं गावाकडे झालं. मला आणि हवालदाराला आग्रहाचं बोलावणं होतं. तापी उतरून गेलो. पाळण्यात हिरव्या काठाची कुंची घातलेलं पोर झोपलं होतं. पंगतीत म्हातारीने कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, हिरव्या मिरचीचं झणझणीत भरीत वाढलं. हवालदाराने पहिला घास घेतला, कपाळाला घाम सुटला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पठ्ठ्या थांबेना. भाकरी संपवून त्याने गुपचूप पान पुढे केलं.

म्हातारा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा होता. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "हां, हवालदार! आते बोला!"