खांद्याच्या इंजेक्शनाला लावलेला कौल

माझ्या खांद्याच्या औषधाला देवीची परवानगी होती, फक्त सरकारची नव्हती.

मी शाळेत फार टिकलो नाय, त्यामुळे जे झालं ते सरळ सांगतो. बागेत वानर शिरला आणि त्याला हाकलायला मी गडग्यावर चढलो. (गडगा म्हणजे बागेभोवती रचलेली दगडांची भिंत. वानराला तिच्यावर धावता येतं. मला येत नाय, हे चढल्यावर कळलं.) वानर कैरी घेऊन गेला आणि मी खांद्यावर खाली आलो!

डॉक्टरीणबाईंनी खांद्याची सोनोग्राफी करून बघितली. "बबन, खांद्यातला स्नायूचा दोर फाटलाय. आधी हात झोळीत, मग व्यायाम. शिमग्यात खांद्यावर काही घ्यायचं नाही."

"पालखी पण?"

"पालखी तर अजिबातच नाही."

झालं! आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते, आणि ती नुसती उचलत नाय, नाचवतात. पुढच्या दांड्याला खांदा माझा, लग्नाच्या आधीपासून. मी नसलो तर देवी देवळातून हलायचीच नाय, असा माझा समज. (हा समज गावात फक्त माझाच होता.)

हे मेवण्याच्या कानावर गेलं. मेवणा रुपेश, म्हणजे मंडळीचा धाकटा भाऊ, मुंबईला जिममध्ये लोकांकडून वजनं उचलून घेतो. तो दुसऱ्या दिवशीच थर्मास घेऊन हजर. थर्मासात बर्फ, बर्फात बोटाएवढी बाटली.

"भावोजी, पेप्टाइड!"

"कशाबरोबर खायचा?"

"खायचा नाय, टोचायचा. फाटलेला आतून सांधतो."

"कुणाचा सांधलान?" मंडळीने विचारलंन.

"उंदरांचा, ताई! पाय तुटलेले उंदीर धावायला लागले."

"आमच्या घरातले बिनऔषधाचे धावतायत. माणसाचा बोल."

"आमच्या जिममध्ये एकाचा गुडघा खडखडीत बरा झाला."

"त्याने आराम केलान काय?"

"केलान ना. दोन महिने."

"मग गुडघा आरामाने बरा झाला की बाटलीने?"

रुपेशने बाटली फिरवून बघितलीन. मग त्यानेच बाटलीवरचं इंग्रजी वाचलंन. फक्त संशोधनासाठी. माणसांनी वापरू नये.

"अरे, माणसांनी वापरू नये लिवलाय!" मी म्हटलं.

"ते असंच लिहितात, भावोजी. तसं लिहिलं नाय तर विकता येत नाय."

"फिनेलवर पण लिहितात," मंडळी म्हणाली. "देऊ काय यांना घोटभर?"

घरात एकमत होईना. आमच्यात एकमत झालं नाय की देवीला कौल लावायची पद्धत. दत्ताराम गुरवाने देवीला दोन पाकळ्या चिकटवल्यान. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय.

"आई, बबनने इंजेक्शन घ्यावं काय?"

डावी पडली.

"देवीला प्रश्न नीट समजला नाय," मी म्हटलं. "अर्धंच घेतलं तर, असं विचार."

परत डावी!

दत्तारामाने माझ्याकडे बघितलंन. मी म्हटलं, "उकडतंय रे, जरा पंखा लाव." पंखा लागला, तिसऱ्यांदा विचारलं आणि उजवी पाकळी उडून थेट माझ्या झोळीत आली. मी लगेच पाया पडलो!

मंडळी म्हणाली, "होय म्हणाली ना देवी? मग डॉक्टरीणबाईंच्या हातूनच टोचून घ्यायचं."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "हे कोणी तपासलंय?"

"देवीने."

"किती वेळा विचारलंत?"

"तीन वेळा," मंडळीने लगेच सांगितलंन. "दोनदा नाय म्हणाली. तिसऱ्यांदा पंखा लावला."

डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. "बबन, हे विकणारेही तेच करतात. नाही आलं ते खिशात ठेवायचं, हो आलं ते गावभर सांगायचं." मग नीट समजावलंनी. उंदरांवर बरंच करून बघितलंय, माणसांवर फारच थोडं. औषध म्हणून विकायला सरकारची परवानगी नाय, खेळाडूंना तर बंदीच. "उद्या चांगलं ठरेलही. आज कोणाला माहीत नाही. आणि या बाटलीत लिहिलंय तेच आहे, हे तरी कोण सांगणार? मी टोचणार नाही."

मला पटलं. अगदी पूर्ण पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं.

घरी येताना देवळात पालखीला रूपं, म्हणजे देवीचे चांदीचे मुखवटे, लावायची तयारी चाललेली दिसली, ढोलावर कोणीतरी हात मारून बघत होता, आणि माझं पटलेलं सगळं गळून गेलं. मंडळी बाजारात मासळी आणायला गेली तसा मी रुपेशला म्हटलं, "टोच!"

"नक्की, भावोजी?"

"तू स्वतःला कधी टोचलंस काय?"

"मला कुठे लागलंय?"

त्याने सुई काढलीन. मी सुईकडे बघितलं. त्यानंतरचं मला आठवत नाय.

शुद्धीवर आलो तेव्हा मी आडवा, माझ्याखाली रुपेश, आणि रुपेशच्या खाली त्याचाच उजवा हात. जिमवाला असून ओरडत होता वासरासारखा! मनगट बघता बघता कोवळ्या फणसाच्या कुयरीएवढं सुजलं. बाटली मात्र कपाटाखाली सुखरूप.

मी ती काढून त्याच्यापुढे धरली. "घे, आता तुला पण लागलंय. डाव्या हाताने टोच!"

त्याने बाटलीकडे बघितलंन. माझ्याकडे बघितलंन. "नको भावोजी. आपण त्या डॉक्टरीणबाईंकडेच जाऊया."

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा दारात आम्ही दोघे उभे, दोघांचे हात झोळीत. मंडळीने ओटी भरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही पेशंट दाखवले. माझ्या जागी शेजारचा सुरेश होता. मी मनात म्हटलं, आता बघा, कशी अडते पालखी! ढोल वाजला आणि पालखी अशी नाचली, अशी नाचली की म्हातारी माणसं पण खुर्चीतून उठली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. थोडं भक्तीचं, बाकीचं सुरेशचं.

पालखीचं सगळं बघणारे तात्या माझ्याजवळ आले. "काय बबन, खांदा कसा?"

"सुधारतोय, तात्या! पुढल्या शिमग्याला मी हजर!"

तात्यांनी पालखीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घाई करू नको हां. पोरं म्हणतायत, पालखी यंदाच पहिल्यांदा सरळ नाचली. सावकाश बरा हो."

दोन पावलं गेले आणि परत वळले.

"नायच झालास, तरी देवीची काय हरकत नाय."