तलावटोलीतला बिनलग्नाचा मांडव

सोमाजी हटवारनं आयुष्यात एकच काम जीव लावून केलं, आणि ते काम चार-आठ दिवसांच्या वर कधी टिकलं नाही. तो लग्नाचे मांडव घालायचा. दोन फाट्यांच्या मेढी जमिनीत पुरायच्या, त्यांच्यावर बल्ल्या टाकायच्या, कामट्यांची जाळी बांधायची आणि वर जांभळीच्या ताज्या डहाळ्या अंथरायच्या. वऱ्हाड जेवून गेलं की पानं करपायला लागायची आणि मांडव मोडायचा. साकोलीच्या भागात उन्हासाठी अंगणात घालतात तो मांडव तणशीचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा असतो. हिरवा मांडव दिसला म्हणजे तिथं लग्न, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळतं.

पुढं लोखंडी पाइप आणि रंगीत कापड घेऊन डेकोरेशनवाले आले. सोमाजी राइस मिलमध्ये धानाची पोती उचलायला लागला आणि तिथंच म्हातारा झाला. पण कुठल्याही लग्नात गेला की त्याची नजर आधी वर जायची, मग नवरानवरीकडं. ही खोड जुनीच होती. स्वतःच्या लग्नात, बाशिंग बांधून बोहल्यावर उभा असताना, मुलीकडच्या मांडवाची कोपऱ्यातली मेढ कललेली त्याला दिसली. भटजींनी अंतरपाट धरला होता. सोमाजी तसाच निघाला, मेढ सरळ केली, पायानं माती दाबली आणि परत येऊन उभा राहिला.

"सगळा मांडव माझ्याकडं पाहून राहिला होता, अन् हे बल्लीकडं," असं ललिताबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना दरवेळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

गेल्या उन्हाळ्यापासून तिला एवढं हसणं झेपत नव्हतं. मे महिन्यात भर दुपारी ती चुलीपाशीच कोसळली. दवाखान्यात सलाइन लावून तिला शुद्धीवर आणावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, की दमा आहे, वय आहे, पुन्हा असं ऊन लागलं तर अवघड होईल. तलावटोलीतली घरं टिनाची. त्यात सोमाजीची पडवी गल्लीत पुढं आलेली आणि तिची भिंत पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतर त्या भिंतीला पाठ लावता येत नसे. कुलर होता, पण त्याच्या दमट हवेनं तिची छाती भरून यायची. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी कडुलिंब होते, ते रस्ता रुंद झाला तेव्हा गेले.

यंदा चैत्र लागताच नागपूरहून मुलाचा, चंद्रकुमारचा, फोन आला. "बाबा, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतो. घर असंच तापत असंल तर मायले घेऊन जातो. पावसाचं पानी येईपर्यंत राहील आमच्याकडं."

त्याचं चुकत नव्हतं. दोन खोल्यांच्या त्याच्या घरात एकच खाट वाढवता येत होती, आणि ती आईसाठी होती, यातही चूक नव्हती. ललिताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन लुगडी घडी करून पिशवीत ठेवली. ती भांडली असती तर सोमाजीला बरं वाटलं असतं. भांडण म्हणजे तिची मर्जी शिल्लक आहे, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"जायचं हाय का तुले?" त्यानं विचारलं.

"मले कोन विचारून राहिलं?" ती म्हणाली आणि पिशवी दाराजवळ टांगली.

त्याच आठवड्यात समाजमंदिरात बैठक झाली. भंडाऱ्याची एक संस्था वस्त्यावस्त्यांना छोटी अनुदानं देत होती. हवामान बदलतंय, ऊन वाढतंय, तर आपल्या गल्लीपुरता उपाय गल्लीनंच ठरवायचा आणि करायचा, अशी योजना. संस्थेकडून तृप्ती रामटेके नावाची मुलगी आली होती. तिनं नीट समजावून सांगितलं. पहिल्या हप्त्यात सामान. पाहणी झाल्यावर दुसरा हप्ता, त्यातून टिनांना पांढरा रंग आणि गल्लीत करंज-कडुलिंबाची रोपं. अट एकच, गल्लीतलं प्रत्येक घर कामात असलं पाहिजे.

लोकांनी सूचना केल्या. एकानं कमान मागितली. दुसऱ्यानं कॅमेरे.

"ऊन का चोरी जाते बे, कॅमेरे लावाले?" बाबुलाल खोब्रागडे म्हणाले. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बाबुलाल गल्लीचे अध्यक्ष होते, आणि सोमाजीचे जुने दोस्त. "सोम्या, तू बोल न. घरी तर लय बोलतं."

सोमाजी उभा राहिला. सभेत बोलायची सवय नव्हती. "सावली पायजे," तो म्हणाला. "गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घालू. झाडं मोठी होतवरी."

तृप्तीला कल्पना आवडली, पण तिनं तणस नको म्हटलं. वाळलेली तणस आणि वरून विजेच्या तारा, एक ठिणगी पुरे. सोमाजीनं मान डोलावली. मिलमागची गंजी पेटलेली त्यानं पाहिली होती. हिरव्या डहाळ्या घालायच्या, सुकल्या की बदलायच्या आणि प्रत्येक दारात पाण्याचा ड्रम ठेवायचा, असं ठरलं. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जांभळी भरपूर होत्या, आणि त्यांची छाटणी करायला परवानगीही मिळाली.

सगळं जमलं, एक भुपेंद्र सोडून. भुपेंद्रचं घर सोमाजीच्या घराला लागून, पश्चिमेला. त्याची मालवाहू पिकअप होती, तीच त्याची रोजीरोटी.

"मामा, तुमचा मांडव मस्त," तो म्हणाला. "पन माझी गाडी मी कोनाच्या डोक्यावरून आनू?"

"तुझ्या दारापुढं उंच घालतो."

"आज पोते भरले, उद्या अलमारी भरन. किती उंच घालान?"

"गाडी पारीवर लावत जा. चार पावलं तर हाय."

"अन् रातच्याले डिझेल काढून नेलं कोनी, तर तुमी द्यान?"

बाबुलालनं समजावलं. भुपेंद्रची बायको राखी हीही म्हणाली, की घालू द्या, काय जाते आपलं. भुपेंद्रनं ऐकलं नाही. गल्लीनं काम सुरू केलं, त्याचं मन वळेल या आशेवर. बाकी प्रत्येक घरानं बल्ली दिली, माणूस दिला. सोमाजी खाली उभा राहून सांगायचा आणि पोरं वर चढून बांधायची. जमत नसे तिथं तो स्वतःच शिडी लावायचा, मग आतून ललिताबाईचा आवाज यायचा, "उतरा बरं खाली. मले नागपूरले न्यायचं हाय, तुमाले दवाखान्यात नाही."

शनिवारी मांडव पुरा झाला. गल्लीत शिरलं की पाण्यात उतरल्यासारखं वाटायचं. फक्त भुपेंद्रच्या दारापुढं उन्हाचा चौकोन तसाच राहिला. दुपार कलली की त्या चौकोनातून ऊन तिरपं होऊन नेमकं सोमाजीच्या पश्चिमेच्या भिंतीवर यायचं. रविवारी पाहणी होती आणि रविवारीच चंद्रकुमार येणार होता.

सोमाजीनं तृप्तीला फोन लावून विचारलं, एक घर सुटलं तर चालेल का.

"काका, नियम उगीच नाही ठेवलेला," ती हळूच म्हणाली. "एक घर सुटलं की ऊन तिथूनच शिरते."

हे तिनं सांगायची गरज नव्हती. सोमाजी त्या भिंतीला हात लावूनच बोलत होता.

रविवारी दुपार भरत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो थांबले. त्यातून नटलेल्या बाया, पोरं, फेटे बांधलेले पुरुष आणि शेवटी घामानं निथळणारा एक नवरदेव उतरला. सगळे सरळ मांडवात येऊन बसले. एका म्हातारीनं पदरानं वारा घेत वर पाहिलं.

"मांडव लय गार घातला बाप्पा. नवरदेवाले पानी द्या पयले."

"कोनता नवरदेव?" बाबुलालनं विचारलं.

"कोनता म्हंजे? आमचा. तुमी किती बोलावले?"

वऱ्हाड आंबागडकडून आलं होतं. तलावाजवळ मांडव दिसंल तिथं थांबा, एवढाच पत्ता ड्रायव्हरला मिळाला होता. बाबुलालनं सांगितलं, लग्न बहुधा पुढं सेंदुरवाफ्याला असेल, इथं काही नाही.

"मंग मांडव कायले घातला?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव मनकर्णाबाई, नवरदेवाची आजी.

"उन्हासाठी."

"अन् हिरवा?"

सगळ्यांनी सोमाजीकडं पाहिलं. तणस नको म्हटल्यावर डोक्यावर डहाळ्या आल्या, एवढंच त्याच्या ध्यानात होतं. येणारा-जाणारा काय समजेल, हे मात्र कुणाच्याही मनात आलं नव्हतं. गल्लीला हिरव्या मांडवात बसायची सवय होतीच, फक्त आजवर त्यात लग्न असायचं.

"हाताले दुसरा येतच नाही," तो ओशाळून म्हणाला.

वऱ्हाड हसलं, पण उठलं कोणीच नाही. तेवढ्यात दार वाजलं आणि ललिताबाई बाहेर आली. चौकटीला धरून, धापा टाकत, पण डोक्यावर पदर नीट घेऊन. कित्येक दिवसांत भर दुपारी तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

"पाहुने दारी बसले, अन् तुमी हिशेब करून राहिले, लग्न कोनाचं म्हनून?" ती बाबुलालवर डाफरली. "माठ काढा. घरोघरची आंबील आना. नवरदेवाले खाट द्या."

खाट आली. ललिताबाई तिच्यावर एका कडेला बसली आणि दुसऱ्या कडेला नवरदेव. वाट्या फिरायला लागल्या.

मनकर्णाबाई आंबील पिऊन गल्ली पाहायला निघाली. भुपेंद्रच्या दारापुढच्या उन्हाच्या चौकोनाशी आली आणि थबकली. तिचा चेहराच उतरला. दारात राखी उभी होती. म्हातारी ऊन ओलांडून गेली आणि राखीच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं वं माय?"

"काय, आजी?"

"घरातलं कोन गेलं? साऱ्या टोलीवर मांडव, अन् तुमच्या दारावर नाही. आमच्याकडं सुतक असलं की असंच सोडते एक दार."

राखीनं उन्हाकडं पाहिलं, दोन्ही बाजूंच्या सावलीकडं पाहिलं. मग तिनं आत हाक मारली. भुपेंद्र बनियनवर, तोंड पुसत बाहेर आला. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा मालक ना? हा तर हाय. मंग कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं, आजी," राखी म्हणाली. "यांची पिकअप आमच्याहून मोठी झाली."

म्हातारी तरी दोन शब्द बोललीच, धीर धर बेटा वगैरे. भुपेंद्र कानापर्यंत लाल झाला. आत गेला, शर्ट घालून, किल्ली घेऊन आला. पिकअप सुरू केली आणि तलावाच्या पारीवर नेऊन लावली. परत आला तेव्हा खांद्यावर बल्ली होती.

"मामा, कुठं रोवायची?"

सोमाजीनं जागा दाखवली. "जरा उंचच घालू," तो म्हणाला. "रिकामी गाडी येईन खालून."

मग वऱ्हाडातले तीन-चार जण फेटे काढून मदतीला आले. मांडव घालायचा म्हटलं की झाडीपट्टीतल्या माणसाचे हात शिवशिवतातच. नवरदेवही उठत होता, ललिताबाईनं त्याला मनगट धरून बसवलं. "आमच्याकडचा एक नवरदेव उठला होता. तो अजून बल्ल्याच सरळ करून राहिला."

शेवटची डहाळी वर जात असताना तृप्ती आली. एवढी गर्दी पाहून तिचा चेहरा खुलला, पण बाबुलालनं तिला आधीच सांगून टाकलं, की यातले निम्मे आमचे नाहीत, रस्ता चुकून आलेले आहेत. तृप्तीनं घराघरात जाऊन पाहिलं, ड्रम पाहिले, भुपेंद्रच्या दाराशी जरा थांबली. "झालं, काका. सगळी घरं आहेत," ती म्हणाली. "फोटोत फक्त नवरदेव नको."

सेंदुरवाफ्याहून फोनवर फोन येत होते. वऱ्हाड एकदाचं उठलं. जाताना मनकर्णाबाईनं ललिताबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ घातले. आंबील प्यालो म्हणजे नातं झालं, म्हणाली.

चंद्रकुमार आला तेव्हा टेम्पो नुकतेच गेले होते. आई गल्लीत खाटेवर, कपाळावर ताजं कुंकू, भोवती बाया. त्यानं आधी घाबरून बाबांकडं पाहिलं.

"चप्पल तिकडं काढ," ललिताबाई म्हणाली. "आताच पाहुने गेले. आंबील उरली हाय, पी."

तो आंबील प्याला. मग आत गेला आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. भिंत अजून कोमट होती, दिवसभराची. पण त्यावर ऊन नव्हतं. त्यानं दाराजवळची पिशवी खाली काढली, लुगडी बाहेर काढून पेटीवर ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन बाहेर आला.

"मी दर रविवारी येऊन पाहीन," तो बाबांना म्हणाला. "एका जरी रविवारी भिंत तापलेली दिसली तर घेऊन जाईन. मंग कोनाचं ऐकनार नाही."

"हाव," सोमाजी म्हणाला.

पानं तर सुकणारच होती. सोमाजीनं मनाशी ठरवलं, दर चार-पाच दिवसांनी पारीवर जायचं, नव्या डहाळ्या आणायच्या, पाणी येईपर्यंत. भुपेंद्रनं आपणहून सांगितलं, डहाळ्या पिकअपमध्ये आणू.

संध्याकाळी गल्लीतले लोक पांगले. ललिताबाई अजून खाटेवरच होती, श्वास संथ चालला होता. सोमाजी कोपऱ्यातल्या मेढीपाशी उभा राहून, डोळे बारीक करून ती कलली का ते पाहत होता.

"सरळ हाय ते," ती म्हणाली. "इकडं या अन् बसा."

त्याला मेढ थोडी कललेली वाटत होती. पण तो आला आणि बसला.